खेळाची खोली

आजारी माणसाच्या भेटीस रिकाम्या हाताने जाऊ नये, असा आपल्याकडील जुना रिवाज आहे. कोणी मोसंबी नेतो, कोणी शहाळे नेतो, कोणी घरी केलेली पेज डब्यातून नेतो. या प्रत्येक वस्तूमागे एक आशा असते. माणूस आज ना उद्या उठून बसेल, त्याच्या अंगी बळ येईल आणि तो घरी परतेल, ही ती आशा. परंतु ज्या मुलाचा आजार बरा होणारा नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, त्याच्या भेटीस जाताना हातात काय न्यावे? या प्रश्नासमोर मोठी माणसेही गोंधळतात, आणि पुष्कळदा भेटीस जाण्याचेच टाळतात.

अशा रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या घराला हॉस्पिस म्हणतात. मध्ययुगात युरोपात यात्रेकरूंना आणि थकल्याभागल्या वाटसरूंना विसावा देणाऱ्या धर्मशाळांचे हे नाव होते. विसाव्या शतकात त्याला नवा अर्थ आला. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या प्रथम परिचारिका होत्या, नंतर समाजसेविका झाल्या आणि हे काम नीट करता यावे म्हणून पुढे वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाल्या. रोग हटत नसला तरी वेदना हटविता येते, हा त्यांचा आग्रह होता. वेदना केवळ शरीराची नसते. भीती, एकटेपणा, घरच्यांची काळजी याही वेदनाच होत, असे त्या मानीत. या सर्वांना मिळून त्यांनी समग्र वेदना म्हटले. त्यानंतर १५ वर्षांनी, १९८२ साली, सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी ऑक्सफर्ड येथे हेलन हाऊस उघडले. मुलांसाठी काढलेले जगातील ते पहिले हॉस्पिस. हेलन नावाच्या एका लहान आजारी मुलीच्या आईवडिलांशी जडलेल्या स्नेहातून ते उभे राहिले. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन निघाले आणि २०१४ साली मुंबईतच मुलांसाठी हॅपी फीट होम सुरू झाले.

या घरांविषयी एक गैरसमज आढळतो. तेथे मूल केवळ अखेरच्या दिवसांत येते, अशी लोकांची कल्पना असते. वस्तुतः काही आजार फार हळू वाढतात. स्नायूंची शक्ती वर्षानुवर्षे ओसरत जाते. अशी मुले वर्षातून काही दिवस तेथे राहावयास येतात आणि पुन्हा घरी जातात. कित्येक वर्षे हा क्रम चालतो. रात्रंदिवस शुश्रूषा करून थकलेल्या आईवडिलांना तेवढीच झोप मिळते. बरोबर भावंडेही येतात. म्हणजे ते मुलांनी भरलेले घर असते. आणि जेथे मुले आहेत तेथे न्याहारी आटोपताच पहिला प्रश्न एकच असतो, आता काय खेळायचे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून अनेक बालहॉस्पिसांत आता चित्रपटांची आणि पडद्यावरील खेळांची एक खोली असते. ती बहुधा देणगीतून उभी राहते. ‘जेथे औषधपाण्यालाच पैसा पुरत नाही, तेथे खेळांची चैन कशाला?’ असे काही विचारी माणसे विचारतात. प्रश्न दुष्टपणाचा नाही, काटकसरीचा आहे. तथापि औषध ही गरज आणि खेळ ही चैन, ही वाटणी निरोगी माणसाने केलेली असते. सॉन्डर्स यांची समग्र वेदना ध्यानात घेतली, तर गोळीने शमणारी वेदना हा तिचा एक भाग ठरतो. दुपारभर छताकडे पाहत पडून राहण्याची वेदना कोणत्या गोळीने जाणार? शिवाय शरीराच्या वेदनेवरही खेळाचा परिणाम होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा खेळ तयार केला. डोळ्यांवर यंत्र चढविले की रुग्ण बर्फाच्या दरीत उतरतो आणि बर्फाचे गोळे फेकू लागतो. इकडे त्याच्या जखमा धुतल्या जातात. खेळात गुंतलेल्या रुग्णांनी वेदना कमी जाणवल्याचे सांगितले. मनाचे अवधान मर्यादित असते. ते बर्फात गुंतले की जखमेच्या वाट्याला थोडेच उरते. खेळाने रोग बरा होत नाही, हे खरेच. पण तसा दावाही कोणी केलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने खेळण्याचा हक्क प्रत्येक मुलाला दिला आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. त्या कलमात ‘निरोगी मुलांना’ असा शब्द नाही.

दुसरा आक्षेप पडद्याविषयीचा. पडद्यासमोर तासन् तास बसणाऱ्या मुलांना घरोघर बोलणी खावी लागतात, आणि ती बहुधा योग्यच असतात. हा पाठ आईवडिलांना दाखवून त्यांतून सुटका करून घेण्याचा विचार कोणी करू नये. ज्याला अंगणात पळता येते त्याने अंगणात पळावे. परंतु ज्याला पळता येत नाही त्याचे काय?

नॉर्वे देशात १९८९ साली जन्मलेल्या मॅट्स स्टीनला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार होता. मॅट्स हॉस्पिसमध्ये नव्हे, घरीच राहत असे. पण त्याची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. लहानपणीच त्याचे चालणे थांबले आणि पुढे तर बोटांचीच काय ती हालचाल उरली. तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ खेळत असे. आपला मुलगा एकटा पडला, त्याला मित्र नाहीत, हे त्याच्या आईवडिलांच्या मनाला लागून राहिले होते. २०१४ साली, वयाच्या २५ व्या वर्षी मॅट्स वारला. वडिलांनी त्याच्या इंटरनेटवरील लेखनाच्या पानावर ही वार्ता कळविली, तेव्हा अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. त्या खेळात तो इबेलिन या नावाने वावरत होता. पडद्यावरील त्या जगात तो धावत होता, गप्पा मारीत होता, रुसलेल्यांची समजूत काढीत होता. एका आईचे आणि मुलाचे तुटत चाललेले बोलणे त्याच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाले होते. त्याला कधी प्रत्यक्ष न पाहिलेले मित्र परदेशांतून त्याच्या अंत्यविधीस आले. २०२४ साली त्याच्या आयुष्यावर एक माहितीपट निघाला. मित्र या शब्दाचा अर्थ त्याच्या घरच्यांनी संकुचित धरला होता, असे म्हणता येईल. पण त्यांना दोष देववत नाही. बंद दारापलीकडे चाललेला खेळ बाहेरून पाहणाऱ्याला खेळासारखाच दिसतो.

मॅट्सची बोटे चालत होती. ज्यांची तीही चालत नाहीत त्यांना बाजारातील साधा कंट्रोलर नेऊन दिला, तर ती भेट नव्हे, थट्टा होईल. तो दोन्ही हातांत धरावा लागतो. अंगठे आणि बोटे एकाच वेळी चालवावी लागतात. म्हणून २०१८ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने एक निराळा कंट्रोलर विक्रीस आणला. त्यावर दोन मोठी बटणे असतात आणि मागच्या बाजूस १९ छोटी छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रात एकेक वेगळे बटण जोडता येते. एक गुडघ्याशी, एक कोपराशी, एक उशीवर गालाशेजारी, जेथे हालचाल शिल्लक असेल तेथे ते बसवावे. मान हलविली की पडद्यावरील मोटार वळते. काही यंत्रे तर डोळ्यांचाच मागोवा घेतात. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बुबुळावर पडतो, त्याचे परावर्तन कॅमेरा टिपतो आणि मूल पडद्यावर कोठे पाहत आहे हे यंत्राला कळते. इंग्लंडमधील स्पेशल इफेक्ट ही संस्था २००७ पासून असेच काम करते. ती आधी खेळाडूला भेटते, त्याच्या अंगात कोणती हालचाल उरली आहे ते पाहते आणि मग साधन जुळविते. दानाचा हा क्रम मोलाचा आहे. आपल्याकडे तो बहुधा उलटा असतो; वस्तू आधी येते, आणि घेणाऱ्याने तिच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा असते.

याच यंत्रांत आणखी एक सोय आहे, आणि तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. दोन कंट्रोलर जोडले, तर यंत्र त्या दोघांना एकच खेळाडू समजते. आजारी बहीण दिशा दाखविते, धाकटा भाऊ उडी मारण्याचे बटण दाबतो. पडद्यावर धावणारा गडी मात्र एकच. आजाराच्या घरात भावंडांची फार कुचंबणा होते. सर्वांचे लक्ष अंथरुणाकडे असते, आणि ‘दंगा करू नकोस’ या वाक्याखेरीज त्यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. या खोलीत त्यांना दंगा करता येतो.

खोलीचाही विचार करावा लागतो. दार एवढे रुंद हवे की चाकांची खुर्चीच नव्हे, तर आख्खा पलंग आत आला पाहिजे. जमिनीवर तारा लोंबकळता कामा नयेत. प्रकाश मंद करता यावा. कारण काही मुलांना झगमगत्या प्रकाशाने झटका येतो. प्रत्येक वस्तू पुसून निर्जंतुक करता आली पाहिजे. खेळ असे निवडावेत की ते मध्येच थांबविता येतील, कारण औषधाची वेळ खेळातील बाजीसाठी थांबत नाही. जी मुले पडद्याकडे मान वळवू शकत नाहीत, त्यांच्यासाठी जमिनीवर किंवा पांघरुणावर चित्र पाडणारे यंत्र असते. पांघरुणावर तळे उमटते, हात किंचित हलला की मासे पळतात. ब्रिटनमधील बालहॉस्पिसांना अशी साधने पुरविणाऱ्या लाइफलाइट्स या संस्थेचे कार्य १९९९ साली सुरू झाले. ती नुसती यंत्रे पोहोचवून थांबत नाही. तेथील कर्मचाऱ्यांना ती शिकविते, दुरुस्त करून देते आणि काही वर्षांनी बदलूनही देते.

हा शेवटचा भाग देणगीदारांना आवडत नाही. उद्घाटनाला फीत असते, हार असतो, भिंतीवर नावाची पाटी लागते. आणि ती पाटी कधी कधी पडद्याहून मोठी असते! बिघडलेली तार बदलण्याला समारंभ नसतो. ऑक्सफर्डलाच हेलन हाऊसच्या शेजारी २००४ साली डग्लस हाऊस उघडले होते. वयात आलेल्या रुग्णांना बाहुल्या आणि चित्रांच्या भिंती नकोशा होतात, त्यांना त्यांच्या वयाचे घर हवे, हा त्यामागील विचार उत्तम होता. तरीही ते २०१८ साली पैशाअभावी बंद करावे लागले. घर बांधण्यास धन मिळते, चालविण्यास मिळत नाही, ही अडचण श्रीमंत देशांतही आहे.

घरातील अडगळ काढून अनाथालयाच्या दारात ठेवणे, याला आपल्याकडे सर्रास दान म्हटले जाते. तार हरवलेला जुना संगणक किंवा अर्धी बटणे निघालेला कंट्रोलर अशा ठिकाणी देऊ नये. मुलांना मोडका खेळ लगेच ओळखू येतो, आणि आपल्याला तो का दिला गेला हेही ओळखू येते. तसेच अशा घरात वाढदिवस साजरा करावयास जाऊन आजारी मुलांसह आपली छायाचित्रे काढून घेण्याची जी प्रथा पडली आहे, तीही बंद व्हावी. त्या मुलांनी कोणाच्या पुण्याची साक्ष का द्यावी?

खेळ निवडताना मुलांनाच विचारावे. मोठ्यांच्या याद्यांत बहुधा शांत, बोधप्रद खेळ असतात. बारा वर्षांच्या मुलाला फुटबॉल हवा असतो, आणि त्यात त्याला खरोखर जिंकावयाचे असते. दया येऊन कोणी मुद्दाम हरला, तर ते त्याला कळते आणि त्याचा तो अपमान समजतो.

एक बारीकशी गोष्ट अशी खोली उभारणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. या यंत्रांच्या स्मृतीत खेळणाऱ्यांची नावे आणि त्यांनी मिळविलेले गुण साठून राहतात. नव्या मुलासाठी जागा करताना जुनी नावे पुसण्याची सूचना यंत्रच देते. त्यांतील एखादे नाव आता परत न येणाऱ्या मुलाचे असेल. ते नाव तंत्रज्ञाने घाईने पुसू नये. त्या मुलाचा भाऊ पुढच्या सुटीत तेथे आला, तर त्याला ते गुण पाहावयाचे असतील, कदाचित मागेही टाकावयाचे असतील.