दगड ओळखा, धूळही ओळखा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दगडांचा एक तरी खोका असतोच. मुले रंगावरून नावे सांगतात आणि तिथेच चुकतात. पांढरी गारगोटी आणि पांढरा कॅल्साइट दिसायला सारखेच. पण गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही. कॅल्साइटच्या पुडीवर व्हिनेगर टाकले की बुडबुडे येतात, कारण तो कार्बोनेट आहे. जिप्सम हे सल्फेट. त्यावर नखानेही रेघ उमटते. हेमॅटाइट हे लोखंडाचे ऑक्साइड. फरशीच्या खरखरीत मागच्या बाजूवर घासले की तांबूस रेघ उमटते. गॅलिना हे शिशाचे सल्फाइड. हातात घेताच जड लागते. ते हाताळल्यावर हात धुवावेत. कोणताही दगड चाखून पाहू नये.

हे सारे मी डॉक्टर म्हणून का सांगतो आहे? कारण रासायनिक गट कळला की धोकाही कळतो.

गारगोटी म्हणजे सिलिका. खोक्यातला सुंदर पट्ट्यांचा अकीकही सिलिकाच. हातात घेतला तर निरुपद्रवी. पण तो कापताना, घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन बसते आणि तिथे व्रणासारखे कठीण ऊतक तयार होते. हा सिलिकोसिस. गुजरातेत खंभातला अकीकाचे मणी घडवणाऱ्या कारागिरांमध्ये हा आजार वर्षानुवर्षे आढळतो आहे. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही.

एक्स-रेवर सिलिकोसिस अनेकदा क्षयासारखा दिसतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोकाही वाढतो. त्यामुळे क्षयाची औषधे घेऊनही दम कमी न होणारा रुग्ण समोर आला, की 'काम काय करता?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत आम्ही डॉक्टर तो विसरतो, हे मान्य करायला हवे.

कायद्यानुसार सिलिकोसिसची नोंद कळवणे बंधनकारक आहे. पण घरात चाक फिरवणारा कारागीर सहसा या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. पाणी सोडून दगड कापणे, धूळ खेचून घेणारे पंखे बसवणे, हे उपाय माहीत आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

म्हणून प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर नाव आणि रासायनिक गट यांच्याबरोबर तिसरी ओळही असावी: या दगडाच्या धुळीने काय होते?