ओळंबा कोणीं धरावा?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, हायस्कुलांत गवंडीकाम, नळाचें व विजेचें काम शिकवावें म्हटलें कीं आमचे पढिक गृहस्थ मान डोलवितात आणि हळूच म्हणतात, "वडाराच्या पोरांस ठीक, आमच्या बंड्यास कशाला?" हेंच तें कपट! मद्रासेंत १९५३ सालीं राजाजींनीं अर्धा दिवस शाळा व उरलेला वेळ बापाचा धंदा, अशी योजना काढली. लोक खवळले, १९५४ सालीं ती मोडली. बरें झालें. जातीचा धंदा शिकविण्यास शाळा कशाला?

पण म्हणून ओळंबाच फेकावा काय? आपल्या बीडकडील जुनीं माळवदें पाहा. अशींच घरें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत बसलीं, हजारों माणसें निजल्या जागीं गाडलीं गेलीं. दगडमातीची भिंत दोन पदरी. दोन्ही पदर सांधणारा आरपार दगड नाहीं, आणि डोक्यावर मातीचें ओझें. पदर सुटले कीं सगळें खालीं! हें ज्ञान एकट्या गवंड्याच्याच मुलास हवें काय? त्या घरांत निजतो कोण?

पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. कलबागांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या अभ्यासक्रमांत शाळेचीं मुलेंमुली आठवड्यांतून एक दिवस बांधकाम, लोखंडकाम, वीज, शेती हातानें करितात. आम्हां मास्तरांस थापी धरतां येत नसेल तर गांवच्या गवंड्यास बोलवा, त्यास खुर्ची द्या, पगारहि द्या. आणि नववीच्या वर्गांत देशमुखाचा मुलगा सिमेंट कालवावयास येणार नसेल, तर आमच्याहि मुलाचें नांव त्यांतून काढा.