इतिहास काहिलीतही असतो : काकवीच्या निमित्ताने एक मत

१/ चंदगड तालुक्याचे नाव निघाले की इतिहासप्रेमींच्या ओठांवर पारगड, महिपालगड, गंधर्वगड ही नावे येतात. त्याच तालुक्यातल्या गुऱ्हाळाच्या काहिलीला मात्र आपण इतिहासाचे साधन मानत नाही. माझ्या मते हा आपल्या वाचनाचा दोष आहे. साखरेचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर घरी एकदा काकवी आटवून पाहावी. का, ते क्रमाने मांडतो.

२/ काकवी म्हणजे गूळ होण्याआधीच उतरवलेला उसाचा दाट पाक. आज ती ‘नैसर्गिक स्वीटनर’ म्हणून देखण्या बाटल्यांतून नव्याने अवतरली आहे. वस्तू मात्र फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील कोष्ठागाराच्या प्रकरणात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी पाच रूपे नोंदलेली आहेत. त्यातले फाणित हे काकवीचे पूर्वज.

३/ हे शब्द पुढे जगभर फिरले. ‘शर्करा’चे फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि त्या वाटेने इंग्रजीत शुगर झाले, ‘खंड’ कँडीत उतरला. ‘जॅगरी’ हा इंग्रजी शब्ददेखील दक्षिण भारतीय भाषांतून पोर्तुगीजांमार्फत गेला. त्याचेही मूळ शर्कराच. युरोपला बीटमधली साखर १७४७ मध्ये मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवली. तोवर आपल्याकडे रस आटवण्याची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी झाली होती.

४/ आता चंदगडकडे येऊ. हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला गेला आणि त्यातून वगळलेला चंदगड कोल्हापूरला जोडला गेला. पश्चिमेकडे घाट, मुसळधार पाऊस, भात नि नाचणी, पूर्वेकडे ऊस. राज्याची रेघ बदलली, उसाचे रान होते तिथेच राहिले.

५/ ‘कोल्हापुरी गूळ’ या नावामागेही बाजारपेठेचा इतिहास आहे. १८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळाला मोठे दार उघडले. २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव पेठेचे झाले. पाक नेमका कधी उतरवायचा हे ओळखणारा गुळव्या मात्र बहुधा निनावीच राहिला.

६/ पेठेने आणखी एक गोष्ट घडवली : रंगाची आवड. पिवळाधमक गूळ चांगला, हा निकष जिभेचा नसून लिलावातल्या डोळ्यांचा आहे. त्यापायी हायड्रॉससारखी रसायने काहिलीत आली. ती रंग उजळवतात, पण साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. रसातली मळी काढायला रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस पूर्वापार वापरात आहे. तेव्हा तांबूस-काळसर गूळ पाहून नाक मुरडण्याआधी ही आवड कोणी लावली, ते विचारावे.

७/ आता कृती. रसवंतीवरून पाच लिटर ताजा रस आणावा. त्यात लिंबू, आले, बर्फ नको. शिळा रस आंबतो. रस फडक्यातून गाळून जाड बुडाच्या पसरट भांड्यात तापत ठेवावा. उकळी फुटण्याआधी वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहावी. भेंडीचे तुकडे पाण्यात कुस्करून तो चिकट रस घातला तर मळी नीट एकवटते.

८/ मग मध्यम आचेवर आटवत, ढवळत राहावे. फेस दाट होऊ लागला की आच कमी करावी. पाक १०५ ते १०६ अंशांवर आला, चमच्यावरून संथ ओघळू लागला, की काकवी झाली. आणखी आटवून ११८ अंशांच्या आसपास नेले तर गूळ. पाक लवकर उतरवला तर पाणी राहून तो आंबतो. गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरावी.

९/ पाच लिटर रसाची साधारण एक लिटर काकवी होते. उरलेले बहुतेक पाणी वाफ होऊन जाते. ती वाफ घालवायला जळण लागते. गुऱ्हाळात ते चिपाडाचे असते, म्हणजे रस गाळून उरलेला ऊसच स्वतःला शिजवतो. तास-दीड तास आचेपाशी उभे राहिल्यावर चुलवाणाशी रात्र काढणाऱ्या माणसाच्या श्रमाचा थोडा अंदाज येतो. ताम्रपटात हा अंदाज मिळत नाही.

१०/ यावर कोणी म्हणेल, हे गुऱ्हाळाचे हळवे गुणगान झाले. तसे नाही. काकवीत थोडी खनिजे असली तरी ती मुख्यतः साखरच. मधुमेहींसाठी ती पथ्याची नव्हे. हलकर्णीच्या ‘दौलत’सारखे साखर कारखाने शेतकऱ्यांना हवे होते म्हणूनच उभे राहिले. कारखान्याला विरोध करण्याचे मला कारण नाही. आक्षेप विस्मरणाला आहे.

११/ पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी ओळखण्याची विद्या कागदावर फारशी उतरलेली नाही. ती जाणणारी माणसे गेली की ते दप्तर कायमचे बंद होईल. गडाची पायवाट शोधताना वाटेत गुऱ्हाळ लागले तर थांबा, गुळव्याला चार प्रश्न विचारा, उत्तरे तारीख घालून लिहून ठेवा. त्याची परवानगी घेऊन, त्याच्या नावानिशी.