सर्व्हर डाउन आहे, उद्या या!

बँकेची खिडकी असो, रेशनचे दुकान असो की सातबारा काढून देणारे सेवा केंद्र, एक वाक्य आता आपल्या सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. 'सर्व्हर डाउन आहे.' हे ऐकले की पुढचे बोलणेच खुंटते. पूर्वी 'साहेब जागेवर नाहीत' म्हटले तर साहेब कुठे गेले, कधी येणार, असे विचारता तरी यायचे. सर्व्हरबद्दल काय विचारणार? माणूस पिशवी उचलतो आणि घरची वाट धरतो.

पण वाचकहो, सर्व्हरबद्दलही विचारता येते. 'डाउन' हा एकच शब्द चार-पाच निरनिराळ्या दुखण्यांसाठी वापरला जातो, आणि त्यातल्या बऱ्याचशा वेळी सर्व्हर बंद नसतोच. तो जागा असतो, राबत असतो; फक्त आपल्यापर्यंत त्याचे उत्तर वेळेत पोहोचत नाही. हा फरक समजला तर निदान दोनदा पैसे भरण्याची वेळ तरी येत नाही. आजचा खटाटोप त्यासाठीच.

आधी ओळख करून घेऊ. डेटाबेस म्हणजे जुन्या पेढीतली खतावणी. कोणाच्या नावावर किती, कोणते आसन कोणाला दिले, याची पक्की नोंद. ती सांभाळणारा संगणक म्हणजे डेटाबेस सर्व्हर. आपल्या मोबाईलवरची मागणी थेट त्याच्याकडे जात नाही. ती आधी नेटवर्कवरून वेबसाइटच्या संगणकाकडे जाते, आणि तो आपल्या वतीने खतावणीवाल्याला विचारतो. म्हणजे साखळीत तीन-चार कड्या आहेत, आणि कोणतीही कडी अडली तरी आपल्याला दिसते ते एकच, गोल गोल फिरणारे चक्र.

संपर्क न होण्याचेही दोन प्रकार असतात. टेलिफोनचे दिवस आठवा. नंबर फिरवल्याबरोबर 'एंगेज' टोन आला तर पलीकडचा फोन शाबूत आहे एवढे तरी कळायचे. नुसतीच घंटा वाजत राहिली तर घरी कोणी नाही, की लाइनच तुटली आहे, काही कळत नसे. संगणकाचेही तसेच. नकार ताबडतोब आला तर बहुधा यंत्र चालू आहे, पण आतला कार्यक्रम बंद आहे किंवा दार लावलेले आहे. बराच वेळ काहीच न होता शेवटी 'टाइम आउट' आले तर संशय वाटेवर घ्यायचा किंवा गर्दीवर.

गर्दीचेही गणित असते. एका वेळी किती जणांना आत घ्यायचे याची प्रत्येक डेटाबेसला मर्यादा घालून दिलेली असते. 'पोस्टग्रेस' नावाच्या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये, कोणी मुद्दाम बदलली नाही तर, ती १०० असते, आणि 'मायएसक्यूएल'मध्ये १५१. मग मर्यादाच वाढवून टाकावी की! पण खिडक्या दहाच्या शंभर केल्या आणि शंभरही कारकुनांना आतली तीच एक वही हवी असली, तर खिडकीवरची रांग फक्त वहीपाशी सरकते. म्हणून जाणते लोक खिडक्या बेतानेच ठेवतात आणि आधी पाहतात, की एकेका माणसाला इतका वेळ का लागतो आहे.

तो का लागतो? पुष्कळदा कारण अगदी साधे असते. टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीत आडनावावरून नंबर शोधायला अर्धा मिनिट लागे. आता उलटे करा. नंबर हातात आहे आणि तो कोणाचा ते शोधायचे आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत बसावे लागेल! डेटाबेसमध्येही नोंदींची वर्णानुक्रमे सूची असते, तिला इंडेक्स म्हणतात. क्रमाने लावलेल्या एक कोटी नोंदी असल्या तरी दर वेळी निम्म्या बाजूला टाकत गेले की जास्तीत जास्त चोवीस पावलांत हवी ती सापडते. सूची नसेल तर कोटीच्या कोटी चाळाव्या लागतात. यातली गंमत अशी, की संस्था नवी असते, नोंदी हजार-दोन हजार असतात, तेव्हा सूची नसल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. पाच-सात वर्षांनी नोंदी लाखांवर जातात आणि मग 'काही बदल केला नाही, तरी कार्यक्रम हळू झाला' अशी तक्रार सुरू होते. बदल झालेला असतो, वही जाड झालेली असते. अशा वेळी नवा महागडा संगणक घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझे मत विचाराल तर, आधी सूची तपासून घ्या म्हणावे. ते काम एका दुपारचेही असू शकते.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. एक आसन दोघांना देऊन चालत नाही. म्हणून एका प्रवाशाची नोंद सुरू असेपर्यंत डेटाबेस त्या आसनाला जणू कुलूप लावतो आणि मागच्याला थांबवतो. हे कुलूप क्षणभरच असावे लागते. पण स्वयंपाकघरात एकीच्या हाती पोळपाट आणि दुसरीच्या हाती लाटणे असावे, आणि दोघींनीही 'आधी तू दे' म्हणून हटून बसावे, तशी अवस्था कधी कधी दोन व्यवहारांची होते. दोघेही जन्मभर थांबतील! यावर डेटाबेसचा उपाय मोठा रोखठोक आहे. तो दोघांतल्या एकाचा व्यवहार रद्द करून टाकतो आणि दुसऱ्याची वाट मोकळी करतो. रद्द झालेल्याला 'पुन्हा प्रयत्न करा' असा निरोप मिळतो. तेव्हा असा निरोप म्हणजे दर वेळी बिघाड असतोच असे नाही.

हे सगळे एका जागी पाहायचे तर तत्काळ तिकिटांची वेळ पाहावी. प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला हे आरक्षण उघडते. मे महिन्यात दिल्ली, इंदूर, बडोद्याहून पुण्या-मुंबईकडे येऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्या दोन मिनिटांची धाकधूक ठाऊक आहे. रेल्वेचे ऑनलाइन आरक्षण २००२ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिकीट कुरिअरने घरी येई. २०१४ साली नवी यंत्रणा आली, तेव्हा मिनिटाला ७,२०० तिकिटे ही तिची क्षमता मोठी बातमी ठरली होती. आणि २२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली, असे रेल्वेने जाहीर केले. म्हणजे दर सेकंदाला पाचशेहून जास्त! हे झाले मिळालेल्या तिकिटांचे. त्याच क्षणी नुसते डोकावणारे, नाव टाकणारे, ओटीपीची वाट पाहणारे किती असतील याची कल्पना करा. त्यात माणसांऐवजी आपोआप बटणे दाबणारे संगणकी कार्यक्रमही घुसलेले असत. पहिल्या पाच मिनिटांत आत शिरण्याच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत त्यांचेच असत, असे रेल्वेनेच त्या वर्षी सांगितले. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली आणि अधिकृत एजंटांनाही पहिला अर्धा तास मज्जाव करण्यात आला, तो याच पार्श्वभूमीवर.

अशा गर्दीत आपण काय करतो? चक्र फिरत राहिले की रिफ्रेश करतो. पुन्हा करतो. शेजारी बसलेला मुलगा दुसऱ्या फोनवरून करतो. आपली समजूत अशी, की आधीची मागणी गेली वाया, आता नव्याने करू. पण आधीची मागणी कित्येकदा आत पोहोचलेली असते आणि तिच्यावर काम सुरूच असते. म्हणजे आपण रांगेतला आपला नंबर न सोडता आणखी दोनदा शेवटी जाऊन उभे राहिलो! लाखो लोकांनी असे केले की मूळची तात्पुरती अडचण लांबत जाते. संगणक बांधणाऱ्यांनाही हे चांगलेच माहीत असते, म्हणून चांगल्या यंत्रणेत अडलेली मागणी लगेच पुन्हा पाठवली जात नाही. आधी थोडा वेळ थांबायचे, मग त्याच्या दुप्पट, आणि सगळ्यांनी एकाच ठोक्याला येऊ नये म्हणून प्रत्येकाची वेळ थोडी मागेपुढे करायची.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. टाइम आउट म्हणजे काम झाले नाही असे नव्हे. वाट पाहणाऱ्याने वाट पाहणे सोडले, एवढाच त्याचा अर्थ. गावी मनीऑर्डर पाठवली आणि सहीची पोच परत आली नाही, तर पैसे पोहोचले नाहीत असे म्हणता येते का? पैसे मिळाले असतील आणि पोचच टपालात गहाळ झाली असेल. पाठवणाऱ्याला घरबसल्या दोन्हींतला फरक कळायला मार्ग नाही. संगणकाचीही हीच अडचण. आपल्या बँकेने खात्यातून रक्कम वजा केली, पण तिकडून 'मिळाली' हा निरोप यायला उशीर झाला. पडद्यावर उमटते 'व्यवहार अपूर्ण'. आणि आपण घाईघाईने पुन्हा पैसे भरतो.

तेव्हा पडद्यावरच्या चक्रावर विसंबू नका, नोंद पाहा. बँकेचे पासबुक किंवा ॲप उघडून रक्कम वजा झाली का ते बघा. रेल्वेच्या खात्यात 'बुक्ड तिकीट हिस्टरी' आणि फसलेल्या व्यवहारांची वेगळी यादी असते, ती बघा. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो, रक्कम आणि नेमकी वेळ लिहून ठेवा. 'प्रलंबित' असे दिसत असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. दुकानदार ओळखीचा असेल तर 'थोड्या वेळाने पाहू' म्हणायला हरकत नसते.

रक्कम अडकलीच तर नियम आपल्या बाजूचे आहेत, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याच्या मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण पलीकडे जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला किंवा वेबसाइटला भरलेल्या रकमेची खातरजमाच पलीकडे पोहोचली नाही, किंवा एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम कापली गेली, तर पाच दिवसांत. मुदत उलटली की पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. बँकेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. एक मात्र सांभाळा. पैसे अडकलेला माणूस कावराबावरा होऊन इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधतो, आणि नेमका तिथेच भामट्यांनी आपला नंबर पेरून ठेवलेला असतो. नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. पिन विचारणारा माणूस बँकेचा नसतो. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करावा.

आता थोडे त्या वाचकांसाठी, ज्यांच्या दुकानात, दवाखान्यात किंवा सोसायटीच्या कार्यालयात स्वतःचाच छोटा सर्व्हर आहे. अडले की पहिला हात बटणाकडे जातो, बंद करून चालू! त्याने पुष्कळदा काम भागतेही. पण दुखण्याचा पुरावा पुसला जातो आणि चार दिवसांनी तेच पुन्हा उद्भवते. बटण दाबण्याआधी दोन मिनिटे काढा. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा लिहून घ्या किंवा फोटो काढा. अडचण एकाच टेबलावर आहे की सगळीकडे, ते विचारा. एकाच टेबलावर असेल तर वायर किंवा वायफाय पाहा. सगळीकडे असेल तर सर्व्हरच्या डिस्कवर जागा उरली आहे का पाहा. डिस्क भरल्यामुळे नोंदी अडतात, हे निदान वाटते त्याहून जास्त वेळा खरे ठरते. रोज ठराविक वेळीच संथपणा येत असेल तर त्या वेळी बॅकअप किंवा मोठा अहवाल चालतो का ते बघा; तो रात्रीवर ढकलता येतो. आणि कोणी बिलाची नोंद अर्धवट उघडी ठेवून जेवायला तर गेले नाही ना, हेही विचारा. काही कार्यक्रमांत ती उघडी नोंद कुलूप धरून बसते आणि साऱ्या दुकानाचा खोळंबा होतो.

वीज जाऊन आली आणि सर्व्हर सुरू व्हायला वेळ लावत असेल, तर मात्र त्याला हात लावू नका. पेढीवर आधी रोजकीर्दीत लिहून मग खतावणीत चढवत, तसा डेटाबेसही प्रत्येक बदल आधी एका रोजकीर्दीत टिपून ठेवतो. वीज गेल्यावर ती रोजकीर्द वाचून तो खतावणी जुळवत असतो. पुऱ्या झालेल्या नोंदी चढवतो, अर्धवट राहिलेल्या रद्द करतो. हे काम चालू असताना पुन्हा बटण दाबले तर त्याला जुळवाजुळव नव्याने करावी लागते. दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी, आणि तो सुरू झाल्यावर वीज जाण्यापूर्वीची शेवटची चार बिले कागदी पावत्यांशी ताडून घ्यावीत.