गाडीत हातवारे बेतानेच

बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये ७ सीरिजच्या गाडीत एक नवी सोय दिली. हवेत बोट गोल फिरवले की गाण्याचा आवाज वाढायचा, उलटे फिरवले की कमी व्हायचा. जाहिरातीत झकास दिसणारी ही करामत रस्त्यावर कधीकधी फसायची. रंगात येऊन हातवारे करत बोलणाऱ्याच्या गाडीतला स्पीकर मध्येच गरजायचा. अलीकडच्या कित्येक मॉडेलमधून कंपनीने ती काढून टाकली आहे.

तरीही आता मिश्र वास्तवाच्या, म्हणजे खऱ्या दृश्यावर नकाशे आणि चित्रे चढवणाऱ्या चष्म्यांसाठी गाडीत तोच खटाटोप सुरू आहे. हातवारे माणसाला उपजतच येतात, ते शिकवावे लागत नाहीत, अशी समजूत त्यामागे आहे. ती तपासून घ्यायला हवी. संशोधक जेकब वॉब्रॉक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तंत्रज्ञ नसलेल्या २० जणांना स्पर्शपटलाच्या टेबलापाशी बसवले आणि अमुक काम करायला हात कसा हलवाल, असे विचारले. १,०८० हातवारे जमले. त्यांत संगणकाच्या जुन्या सवयींचा ठसा ठळक होता. शिवाय ते टेबल होते, जागचे न हलणारे.

गाडी हलते. खड्ड्यात हात आपोआप उडतो आणि चष्म्याला तो हुकूम वाटू शकतो. चष्म्यातला कॅमेरा सांगतो की आजूबाजूची आसने स्थिर आहेत, तर गतिसंवेदक सांगतो की आपण वळतो आहोत. या भांडणात चित्र भरकटते. मायक्रोसॉफ्टने आपल्या होलोलेन्स २ या चष्म्यासाठी फोक्सवागनच्या साथीने यावर काम केले, तेव्हा कुठे ते बरेचसे आटोक्यात आले.

अॅपलच्या व्हिजन प्रो हेडसेटने हातवाऱ्यांचा पसारा कमी केला: बघायचे आणि मांडीवर ठेवलेल्या हाताची दोन बोटे टेकवायची. मागच्या सीटवरच्या प्रवाशासाठी ही पद्धत उत्तम. हात दुखत नाही, शेजाऱ्याला कोपर लागत नाही. चालकाच्या बाबतीत मात्र हीच मेख आहे. निवड डोळ्यांनी करायची, तर डोळे रस्त्यावरून हलणारच. २०२४ मध्ये हा हेडसेट घालून गाडी चालवणाऱ्यांचे व्हिडिओ पसरले, तेव्हा अमेरिकेचे तत्कालीन वाहतूकमंत्री पीट बुटिजेज यांना चालकांना जाहीर तंबी द्यावी लागली.

युरोपात तर वारे उलटेच वाहते आहे. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅपच्या २०२६ च्या निकषांत हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांसाठी हाताला लागणारी बटणे नसली तर गुण कापले जातात.

आपल्या मोटार वाहन कायद्यातले कलम १८४ धोकादायक वाहनचालनात हातात धरलेल्या संपर्क-साधनाचे नाव घेते. नाकावर बसलेल्या चष्म्याचा त्यात उल्लेख नाही. हे चष्मे शोरूममध्ये येण्याआधीच तो उल्लेख कायद्यात घालायला हवा, आणि तोही फक्त चालकासाठी. मागे बसलेल्याने बोटे खुशाल टेकवावीत.