बाळंतिणीची गोळी कोण आणतं?

बाळंतीण घरात असते आणि तिची गोळी आणायला दुसरंच कुणीतरी जातं. सव्वा महिना ती उंबऱ्याबाहेर पडत नाही. त्यानंतरही तान्ह्याला टाकून मेडिकलपर्यंत जाणं सहज होत नाही. मग नवरा कामावरून येताना थांबतो, किंवा भाऊ, किंवा सासरे संध्याकाळच्या फेरीत. काउंटरवर ते म्हणतात, "डोकं दुखतंय, सर्दी आहे, दोन-चार गोळ्या द्या." दुकानदार समोरच्या धडधाकट पुरुषाकडे बघतो आणि पुरुषाला द्यायची गोळी देतो. कात्रीने स्ट्रिपचा तुकडा कापला जातो, खाकी पाकिटात पडतो. त्या तुकड्यावर औषधाचं अर्धंच नाव असतं, आणि मुदतीची तारीख पुष्कळदा दुकानात राहिलेल्या तुकड्यावर जाते.

या सगळ्या व्यवहारात बाळाचा उल्लेखच होत नाही. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की, दुकानात कुणीही जावो, त्याच्याबरोबर एक वाक्य गेलं पाहिजे: "बाळंतिणीसाठी हवंय, बाळ अंगावर पितंय, दीड महिन्याचं आहे." बाळाचं वय त्यात आवर्जून हवं. नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड औषध बाहेर टाकण्यात अजून कच्चं असतं. पहिले दोन महिने, त्यातही बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर, जपायचं असतं. आठ महिन्यांचं, वरणभात खाऊ लागलेलं बाळ दूधही कमी पितं आणि औषधही लवकर निकालात काढतं.

हे वाक्य ऐकून घेणं हे दुकानातल्या फार्मासिस्टचं कामच आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार औषध हातात देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे आणि २०१५ च्या नियमांनी रुग्णाला सल्ला देणं त्याच्या कामात धरलं आहे. भिंतीवर प्रमाणपत्र ज्याचं लावलंय तो माणूस दुकानात आहे का, हे विचारायला संकोच कशाला? शिवाय, चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणजे निर्धोक, अशी जी समजूत आहे तिला आपल्याकडे फारसा आधार नाही. १९४० च्या औषधविषयक कायद्यात 'चिठ्ठीविना विकायची औषधं' असा वेगळा वर्ग केलेलाच नाही. शेड्यूल एच आणि तत्सम, चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या याद्यांत जे नाही ते चिठ्ठीविना मिळतं. जे यादीत आहे तेही पुष्कळदा मिळतं, हे आपण सगळे जाणतोच.

आता दुसरी बाजू. घरातल्या मोठ्या बायका सांगतात, "अंगावर पाजतेस ना, मग गोळी नको. सोस थोडं." टाके दुखतायत, रात्रभर जागरण, पाठ मोडलीय, आणि तिने सोसायचं. हे मला पटत नाही, आणि शास्त्रालाही पटत नाही. आईने घेतलेलं जवळजवळ प्रत्येक औषध थोडंफार दुधात उतरतं हे खरं, पण किती उतरतं हा खरा प्रश्न आहे. डॉक्टर त्याचा हिशेब वजनाच्या प्रमाणात करतात: आईला किलोमागे जेवढी मात्रा मिळाली, तिच्या किती टक्के बाळाला किलोमागे दुधातून मिळाली? दहा टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. आयब्युप्रोफेनच्या बाबतीत हा आकडा एक टक्क्याच्याही खाली आहे. पॅरासिटामॉलचा त्याहून जास्त असला तरी सहसा दहाच्या आतच, आणि ते तर तान्ह्या बाळालाही डॉक्टर तापासाठी देतात. म्हणून दुखण्यावर आणि तापावर पाजणाऱ्या आईसाठी हीच दोन औषधं जगभर पहिली निवड मानली जातात. पित्ताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, दमा असेल, तर मात्र आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात ताप आला आणि गल्लीत डेंग्यू असेल तर तेव्हाही नको. फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्ततपासणी. ॲस्पिरिन दुखण्यासाठी टाळायचं. निमेसुलाइड आपल्याकडे सर्रास खपतं, पण २०११ साली सरकारने बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी घातली आहे. हाताशी चांगली औषधं असताना पाजणाऱ्या आईने त्याच्या वाटेला जाऊ नये.

खरी काळजी मला वाटते ती सर्दीच्या गोळीची. तिला आपण एक गोळी म्हणतो, पण तिच्या पोटात तीन-चार औषधं असतात: तापासाठी पॅरासिटामॉल, शिंकांसाठी क्लोरफेनिरामिन, चोंदलेल्या नाकासाठी फेनिलेफ्रिन, कधी वर कॅफिन. क्लोरफेनिरामिनने आईला गुंगी येते, बाळही पेंगुळतं आणि नीट ओढून पीत नाही. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतं. गोळीच्या गुंगीत गाढ झोपलेल्या आईशेजारी ते सुरक्षित नसतं. फेनिलेफ्रिनबद्दल तर अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं की, पोटात घेतल्यावर ते नाक मोकळं करतच नाही. त्याच्याच जातीचं स्युडोएफेड्रिन काही गोळ्यांत असतं. ऑस्ट्रेलियात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्याच्या एकाच मात्रेने दिवसभराचं दूध जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटलं होतं. आधीच दूध पुरत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या मुलीला कुणी ही गोळी दिली आणि दूध कमी का झालं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, असं किती घरांत होत असेल! त्यातून अंग दुखतं म्हणून वेगळी पॅरासिटामॉलची गोळी घेतली की एकच औषध दोनदा पोटात जातं.

सर्दीला मीठपाण्याचे नाकातले थेंब आणि वाफ पुरते. त्याने भागलं नाही तर नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब दोन-तीन दिवस चालतात, कारण ते नाकापुरतेच काम करतात. शिंका, खाज यांवर लोराटाडिन किंवा सेटिरिझिन, म्हणजे एका वेळी एकच औषध. बाळाला पाजून झाल्याबरोबर गोळी घेतली तर पुढच्या पाजण्यापर्यंत तिचा जोर उतरू लागलेला असतो. दिवसभर पुरणारी, हळूहळू विरघळणारी गोळी मात्र टाळलेली बरी.

घरातल्या औषधांच्या डब्याकडेही बघायला हवं. सिझेरियननंतर उरलेल्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल असू शकतं, खोकल्याच्या जुन्या बाटलीत कोडीन. या दोन्हींबद्दल २०१७ साली अमेरिकी औषध प्रशासनाने पाजणाऱ्या आयांना स्पष्ट इशारा दिला, कारण काही स्त्रियांच्या शरीरात त्यांचं अफूसारख्या तीव्र रूपांत इतक्या वेगाने रूपांतर होतं की बाळाचा श्वास मंदावू शकतो. दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेली मात्रा वेगळी. डब्यातून शोधून स्वतः घ्यायची नाही. बाळ उठवूनही उठत नाही, ओढत नाही, श्वास वेगळा वाटतो, असं दिसलं तर वाट न बघता बाळाला घेऊन निघायचं.

आणि काढे. "ते काय, आयुर्वेदिक आहे" म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. अळिवाचे लाडू, बाळंतशोपा, डिंक हे अन्न आहे, खुशाल खावं. पण दशमूलारिष्टासारख्या अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं मद्य असतं, साधारण पाच ते दहा टक्के. दिवसातून दोनदा बुचभर घेताना ते माहीत असावं, वैद्यांना विचारून घ्यावं आणि डॉक्टरांना सांगावं. कापराचा बाम छातीला चोळून बाळाला पदराखाली घेणं तर मुळीच नको. कापूर तान्ह्याला विषारी आहे. पाठ, कपाळ यांना लावला तरी हात धुऊन मगच बाळाला हात लावावा.

काही दुखणी गोळीने झाकायची नसतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत डोकं फाटल्यासारखं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी रक्तदाब मोजायचा. गरोदरपणातला वाढता रक्तदाब बाळंतपणानंतरही डोकं वर काढतो आणि झटके येऊ शकतात. ताप थंडी वाजून आला, अंगावरून घाण वास येणारं जाऊ लागलं, रक्तस्राव वाढला, तरी दवाखानाच. स्तनात गाठ होऊन लाल, गरम झालं तर पाजणं थांबवायचं नाही. दूध तुंबलं तर दुखणं वाढतं. आयब्युप्रोफेन घ्यावं, थंड शेक द्यावा, आणि दिवसभरात उतार पडला नाही तर दाखवावं. गावात हे सगळं विचारायला माणूस दारात येतं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. तेव्हा त्यांच्यापुढे घरातली सगळी पाकिटं काढून ठेवावीत.

राहिला तो सल्ला, जो ऐकून कितीतरी बायकांचं दूध कायमचं आटलं: "औषध चालू आहे तोवर पाजणं बंद करा." खरोखर बंद करावं लागतं अशी औषधं थोडी आहेत, कर्करोगावरची काही, किरणोत्सारी आयोडीन, अशी. बाकी पुष्कळांना पर्याय असतो. म्हणून डॉक्टरांना विचारावं, "याऐवजी पाजताना चालेल असं दुसरं आहे का?" लॅक्टमेड या अमेरिकी सरकारच्या मोफत माहितीसंग्रहात औषधाचं नाव घालून ते तिथल्या तिथे बघू शकतात. आणि काही दिवसांपुरतं बंद करणं भागच असेल, तर दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध पिळून टाकत राहावं म्हणजे ते आटत नाही, आणि पुन्हा कधी पाजायचं ती तारीख डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावी.