शटडाऊन संपले, पण जबाबदार कोण?

अमेरिकेतील सरकारचे शटडाऊन १२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री संपले. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस ते चालले. याआधीचे सर्वांत लांबलेले शटडाऊन २०१८-१९ मधले, ३५ दिवसांचे होते. ट्रम्प यांनी विधेयकावर सही केली, कार्यालये उघडली, विमाने वेळेवर सुटू लागली आणि वृत्तवाहिन्या दुसऱ्या विषयाकडे वळल्या. मात्र ज्या मागणीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाने हा संघर्ष केला, त्या आरोग्य विम्याच्या वाढीव सवलतीचा प्रस्ताव ११ डिसेंबरला सिनेटमध्ये पडला. ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्यामुळे तिथल्या कष्टकरी मतदाराच्या मनात आज जी चीड आहे, ती आम्हाला परकी वाटत नाही. आपल्या नावाने लढाई सुरू होते, तिची झळ आपल्याला बसते आणि तडजोडीच्या कागदावर सही मात्र दुसराच कुणीतरी करतो, हा अनुभव आंबेडकरी समाजाला जुना आहे.

आधी शटडाऊन म्हणजे काय ते समजून घेऊ. अमेरिकेत संसदेने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतला पैसा खर्च करता येत नाही. याबाबतचा एक कायदा १८८४ सालापासून आहे. तरीही जवळपास शंभर वर्षे मंजुरीला उशीर झाला तरी कार्यालये चालूच राहत. १९८० साली तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी या कायद्याचा कडक अर्थ लावला. मंजुरी नसेल तर अत्यावश्यक सोडून बाकी कामे थांबवलीच पाहिजेत, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून हे हत्यार राजकारण्यांच्या हाती आले. शटडाऊन हे काही दुष्काळासारखे अस्मानी संकट नाही. ते माणसांनी तयार केले आहे आणि माणसांनी मनावर घेतले तर ते थांबवताही येते.

या वेळी सुमारे १४ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. त्यातल्या निम्म्यांना घरी बसवले आणि निम्म्यांकडून बिनपगारी काम करून घेतले. नोव्हेंबर उजाडताच सुमारे ४ कोटी २० लाख गरिबांना मिळणारी अन्नसहाय्याची रक्कम अडली. आपल्याकडे रेशन बंद व्हावे तसा हा प्रकार. पैसा अजिबात नव्हता असेही नाही. सैनिकांचे पगार भागवण्यासाठी संशोधनाच्या निधीतून रक्कम वळवण्यात आली. गरिबांच्या अन्नासाठी राखीव निधी वापरा, असे न्यायालयाने सांगितले तेव्हा मात्र पूर्ण रक्कम द्यावी लागू नये म्हणून सरकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खासदारांचे पगार या काळात एक दिवसही थांबले नाहीत. इच्छा असेल तिथे मार्ग सापडतो, आणि इच्छा कुणासाठी असते हे या ४३ दिवसांत उघड झाले.

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या भांडणाशी आंबेडकरी चळवळीचा काय संबंध? संबंध आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या सरकारने केंद्रीय कार्यालयांत काळ्या आणि गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली. जेवणाच्या खोल्या वेगळ्या झाल्या, स्वच्छतागृहे वेगळी झाली. पुढच्या वर्षी नोकरीच्या अर्जावर फोटो सक्तीचा करण्यात आला. फोटो दिसला की रंग दिसतो आणि रंग दिसला की अर्ज बाजूला पडतो. आपल्याकडे फोटोचीही गरज पडत नाही, आडनाव पुरते. त्या अपमानातून झगडत काळ्या समाजाने पुढे सरकारी नोकरीत जागा मिळवली. आज केंद्रीय कर्मचाऱ्यांत त्यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. खाजगी मालक दारात उभे करत नाही तेव्हा सरकारी नोकरी हीच शिडी असते. आपल्या बापजाद्यांनी रेल्वे, पोस्ट, नगरपालिका आणि शाळांतून हीच शिडी चढली. म्हणून सरकार ‘बंद’ होते तेव्हा ते सगळ्यांसाठी सारखे बंद होत नाही.

त्यातही एक खालचा थर आहे. शटडाऊननंतर कायम कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळतो, तसा कायदा तिथे २०१९ साली झाला. पण त्याच इमारती झाडणारे सफाई कामगार, उपाहारगृहातले कामगार, सुरक्षारक्षक हे कंत्राटी असतात. त्यांना बुडालेल्या दिवसांच्या मजुरीची हमी नाही. कंत्राटी पद्धतीने सफाई कामगाराचे काय होते, हे महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या दारात उभे राहणाऱ्या आपल्या माणसांना कुणी समजावून सांगायला नको.

आता तडजोडीकडे वळू. सिनेटमध्ये विधेयक पुढे न्यायला ६० मते लागतात. रिपब्लिकन पक्षाकडे ५३ होती आणि त्यातलाही एक जण विरोधात गेला. डेमोक्रॅटिक गटातले आठ जण फुटले आणि नेमकी ६० मते झाली. या आठांपैकी एकालाही २०२६ मध्ये मतदारांसमोर जायचे नाही. दोघे तर निवृत्तच होत आहेत. याच्या काही दिवस आधी, ४ नोव्हेंबरला, लोकांनी न्यूयॉर्क शहर, न्यू जर्सी आणि व्हर्जिनियात त्याच पक्षाला भरभरून मते दिली होती. लोक म्हणत होते लढा, आणि नेते माघारीची भाषा करत होते.

या आठांच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. लोक उपाशी आहेत, त्यांच्या पोटावर किती दिवस राजकारण करणार, असे ते म्हणाले. भूक खरी होती आणि ती थांबवणे चूक नव्हते. कर्मचाऱ्यांची काढलेली नोकरी परत मिळाली, अन्नसहाय्याला सप्टेंबर २०२६ पर्यंत निधी मिळाला, हेही खरे. पण विम्याच्या सवलतीबाबत त्यांनी काय मिळवले? डिसेंबरात मतदान घेऊ, एवढे आश्वासन. मतदान झाले. प्रस्तावाला ५१ मते मिळाली आणि हवी होती ६०. हे गणित नोव्हेंबरातही सगळ्यांना पाठ होते. जे मिळणार नाही हे ठाऊक आहे, ते मिळवल्याचा देखावा करणे याला आम्ही तडजोड म्हणत नाही. के. एफ. एफ. या आरोग्य धोरण संस्थेच्या हिशेबानुसार सवलत गेल्यावर लाभार्थ्याचा वार्षिक हप्ता सरासरी ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जातो. हा भार त्या आठांपैकी कुणाच्या घरावर पडणार आहे?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. याच विधेयकात सिनेट सदस्यांनी स्वतःसाठी एक कलम घालून घेतले. आपल्या फोनच्या नोंदी न कळवता तपासल्या गेल्या तर सरकारवर दावा लावून किमान ५ लाख डॉलर भरपाई मागण्याची त्यात सोय होती. बोभाटा झाल्यावर प्रतिनिधिगृहाने हे कलम रद्द करण्याच्या बाजूने ४२६ विरुद्ध शून्य मतदान केले. गरिबाच्या विम्यासाठी ‘पुढे बघू’ आणि स्वतःच्या भरपाईसाठी लगेच तरतूद, असा हा न्याय.

पुणे कराराची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे. १९३२ साली अस्पृश्यांच्या प्रांतिक जागा ७१ वरून १४८ झाल्या. वरवर पाहता आकडा दुपटीहून वाढला. पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाकडे, म्हणजे इतरांच्या मतांकडे गेली. निवडून आलेला माणूस आपला, पण तो बांधील दुसऱ्यांना. बाबासाहेबांनी पुढची अनेक वर्षे हाच मुद्दा लावून धरला. प्रतिनिधी किती आहेत याइतकेच ते कुणाला उत्तर द्यायला बांधील आहेत हेही महत्त्वाचे असते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना याच कसोटीवर केली. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत सरकारला प्रश्न, ठराव, चर्चा यांतून रोज आणि निवडणुकीत ठरावीक काळाने हिशेब द्यावा लागतो. स्थैर्यापेक्षा जबाबदारी महत्त्वाची मानून मसुद्याने संसदीय पद्धत निवडली. म्हणूनच आपल्याकडे शटडाऊन होत नाही. अर्थसंकल्पाला उशीर झाला तर लेखानुदानाची सोय आहे, आणि अर्थसंकल्पच नामंजूर झाला तर सरकारला पायउतार व्हावे लागते. जनतेला उपाशी ठेवून सत्ताधारी खुर्चीत बसून राहतील, असा मार्ग घटनेने ठेवलेला नाही.

मग आपण निश्चिंत राहायचे का? नाही. आपल्याकडे सरकार बंद पडत नाही, पण आपला निधी गुपचूप बंद होतो. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाचे ४०० कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. आदिवासी विकास विभागाचेही ३०० कोटींहून अधिक गेले. बहिणींना पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही, त्यात आमच्याही बहिणी आहेत. पण ते अनुसूचित जाती-जमातींच्या हक्काच्या निधीतून का? खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, गरज नसेल तर हा विभागच बंद करा असे ते म्हणाले. पुढे काय झाले? मंत्री मंत्रिपदावर राहिले आणि निधी गेला तो गेला. वसतिगृहातल्या मुलाची शिष्यवृत्ती थकते तेव्हा त्याच्यापुरते सरकार बंदच असते. फक्त त्या दिवसांची मोजणी कोणती वाहिनी करत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अनुसूचित जाती आणि जमातींचा निधी इतरत्र वळवता येणार नाही, असा कायदा महाराष्ट्राने करावा. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने या निधीसाठी २०१३ मध्येच कायदे केले. त्यांतही पळवाटा आहेत, पण प्रश्न विचारायला निदान कायद्याचा आधार आहे. आणि आपली मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो निळा झेंडा घेऊन आलेला असला तरी, एकच प्रश्न विचारावा: निधी वळवला तेव्हा तुम्ही सभागृहात उभे राहिलात का?

निराश होऊन घरी बसणे हे सत्ताधाऱ्यांना सर्वांत सोयीचे असते. अमेरिकेतला चिडलेला मतदार असो की आपला, त्याच्या रागाला वहीची जोड हवी. कोणी कधी काय मत दिले, कोणता पैसा कुठे गेला, याची नोंद ज्या वहीत असेल ती. ती वही गावोगावच्या, वस्तीवस्तीच्या कार्यकर्त्यांनी उघडली पाहिजे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा याचा आजच्या घडीचा अर्थ आम्ही असा लावतो.

जय भीम!